आग्रहाचे ताट



नाताळात तुमच्या घरी आलो की केक-करंज्यांचे ताट पुढे येते. मधुमेहामुळे डॉक्टरांनी आम्हाला गोड वर्ज्य सांगितले आहे. पण ‘फादर, एवढ्याने काय होतंय!’ हा आग्रह मोडवत नाही. मग आम्ही म्हणतो, ‘आताच खाऊन आलो.’ हे धडधडीत खोटे असते.

कुणाचे नुकसान न करणाऱ्या, सोयीच्या खोट्याला संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी हलके पाप म्हटले. पण पापच म्हटले. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते! रोमकरांस पत्रात (अध्याय १४) संत पौल दोघांनाही आवरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला हिणवू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये. तेथे वाद वेगळ्या अन्नाचा होता, पण ताटावरचा ताण हाच.

गेल्या नाताळात एका मावशींना आम्ही खरे सांगितले, ‘साखर वाढलीय.’ त्यांचा चेहरा उतरला. पहाटे उठून केलेल्या करंज्या त्या! आम्हाला अपराध्यासारखे झाले. मग त्या जवळ बसून हळूच म्हणाल्या, ‘फादर, माझीपण वाढलीय. सुनेला अजून सांगितलं नाही. सणात मी नको म्हटलं तर पोरं हिरमुसतात.’

दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.