राणीची वेळ



आजचं वाचन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातलं आहे. गीतेच्या अकराव्या श्लोकात भगवंत योग्याला थोडक्यात सांगतात : स्वच्छ जागी आपलं आसन मांड, फार उंच नको, फार खाली नको. माउली मात्र त्या 'स्वच्छ जागे'पाशी थांबतात आणि जागेचं वर्णन करत राहतात. जिथे बसलं की उठावंसं वाटत नाही. जिथे पाखंड्यालाही तप करावंसं वाटतं. वाटेने सहज जाणारा, मनात शंभर इच्छा असलेला माणूस चुकून तिथे पोचला, तरी परत फिरायचं विसरतो. पावलोपावली निर्मळ पाणी, सौम्य ऊन, मंद गार वारा. आणि मला सगळ्यात आवडलेली खूण म्हणजे, ती जागा दुसऱ्यांच्या पायरवाने मळलेली नसते.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? खरं सांगा. माझ्यासमोर तर समुद्रच आला. निळं पाणी, छोटीशी पुळण, कोणी नाही, फोनला रेंज नाही. आपल्या पिढीचं एकांताचं चित्र हेच आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून आपण असल्याच जागांची रील्स बघत असतो. 'कोणालाच माहीत नसलेला बीच' असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली लाखो व्ह्यूज असतात.

मला अशी एक जागा भेटली. शोधायला गेलो नव्हतो, आणि ती गुप्तही नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात आहे.

किल्ला आपल्याला शाळेपासून माहीत असतो. कुरटे बेट, 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांच्या हस्ते पायाभरणी, पायात ओतलेलं शिसं, सुमारे 48 एकर जागा, नागमोडी तटबंदी. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या आपल्या 12 किल्ल्यांपैकी हा एक. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर इथे आहे, आणि तिथे आजही पूजा होते. पण तटाला लागून वाळूची एक चिमुकली पुळण आहे, तिच्याकडे घाईतले पर्यटक फारसे वळत नाहीत. तिला म्हणतात 'राणीची वेळ'. महाराणी ताराबाई इथे समुद्रस्नानाला येत, असं स्थानिक लोक सांगतात.

नाव ऐकलं आणि मी तिथेच अडकलो. 'वेळ' म्हणजे टाइम, एवढंच आपल्या डोक्यात. पण संस्कृतातल्या 'वेला' शब्दाला किनारा असाही अर्थ आहे, मर्यादा असाही आणि काळ असाही. समुद्र जिथे थांबतो ती वेला. म्हणजे राणीची वेळ हा राणीचा किनारा झाला, आणि राणीचा वेळही झाला. जिथे बाकीच्यांनी थांबायचं, ती हद्दसुद्धा झाली. कॅलेंडरमध्ये आपण 'फोकस टाइम' म्हणून एक डबा रंगवतो आणि त्याच्यावर कोणीतरी मीटिंग टाकतंच. तिचा हा डबा दगड-वाळूचा होता!

आता ही राणी कोण ते आठवा. हंबीरराव मोहित्यांची मुलगी. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले तेव्हा ती जेमतेम पंचविशीची होती. पदरी लहान मुलगा, समोर औरंगजेब, आणि तोही स्वतः महाराष्ट्रात तळ देऊन बसलेला. पुढची सात वर्षं, 1707 मध्ये बादशहा मरेपर्यंत, तिने ते राज्य चालवलं आणि लढवलं. आज तिच्या वयाची कितीतरी मुलं आपल्या टीममध्ये आहेत. 'बर्नआउट' हा शब्द वापरायचा हक्क कोणाला असेल तर तिला होता.

आणि लोकांच्या आठवणीत तिच्या नावाने काय राहिलं? दरबार राहिला, लढाया राहिल्या, आणि ही एक छोटी पुळणही राहिली. राज्य टाकून ती दूरच्या बेटावर निघून गेली नाही. किल्ल्याच्या तटालाच लागून तिची वेळ होती. आपण एकांताची कल्पना नेमकी उलटी करतो. नोकरी सुटली की, ईएमआय संपला की, मुलं मोठी झाली की एकांत. माउलींची जागा वाचून उसासा टाकतो आणि पुस्तक मिटतो.

आता मला तिथे काय दिसलं ते सांगतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही आईला घेऊन मालवणला गेलो होतो. माझी आजी चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे आणि आई तिचं सगळं करते. ते चार दिवस आत्या घरी येऊन राहिली म्हणून आई निघू शकली. होडीवाल्याने किल्ला बघायला एक तास दिला होता. पुळणीवर पोचल्यावर आम्ही विचारलं, पाण्यात उतरलं तर चालेल का? सोबतचा स्थानिक माणूस म्हणाला, "उतरा, पण त्या खडकापलीकडे जाव नकात." आईने चपला काढल्या, साडी थोडी वर खोचली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. तिला पोहता येत नाही. आम्हाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते."

आम्ही पुढे झालो नाही. तटाच्या सावलीत बसलो. माझ्या धाकट्या भावाने फोन वर केला, मग स्वतःच खिशात टाकला. अजून कोणी पुळणीकडे यायला लागलं की बायको त्यांना हळूच म्हणायची, "पाचच मिनिटं हं." आई वीस मिनिटं तशीच उभी होती. जप करत होती की नुसतीच उभी होती, मला माहीत नाही. विचारलं नाही. परत आली आणि म्हणाली, "चार वर्षांत पहिल्यांदा कोणी हाक नाही मारली."

मंडळी, या एका वाक्याने माझं सहाव्या अध्यायाचं वाचन बदललं.

त्याच किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि यांचं पाणी गोड! बेटांवर असं का होतं त्यामागचं शास्त्र सुंदर आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून ते खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. समुद्राच्या पातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्या खाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी असतं. हिशोब उलटाही तितकाच खरा. उपसा जास्त झाला आणि वरची पातळी एक मीटर उतरली, तर कालांतराने खालून खारं पाणी चाळीस मीटर वर चढू शकतं. मग विहीर आटत नाही, पाणी दिसतं तेवढंच दिसतं, फक्त ते खारट होतं.

घरातलं असं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. सगळे त्याच्याकडूनच पाणी शेंदतात. गोळ्या कुठे आहेत, डबा झाला का, गॅसवाल्याला फोन केला का, बाळ का रडतंय. ते माणूस आटत नाही, रोज उभं असतं. फक्त एक दिवस आवाजात खारटपणा येतो आणि आपण म्हणतो, "हल्ली हिची फार चिडचिड होते." बाई, थोडं नाम घे, मन शांत होईल, असा सल्लाही देतो. नाम घ्यायला वेळ कोणी द्यायचा?

आपल्या पुण्याजवळच बघा ना. भंडारा डोंगर आपल्याला तुकोबांच्या एकांतासाठी माहीत आहे. रविवारी आपण तिथे जातो, छान वाटतं. पण त्या डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढत होतं? आवली. अनवाणी, उन्हात, पायात काटा रुतलेला. आणि तो काटा काढायला प्रत्यक्ष विठोबा आला, अशी परंपरेतली कथा आहे. कथा मला फार खोल वाटते. डोंगरावर भजनात बसलेल्या भक्ताच्या मागे देव असतोच. इथे तो त्याच्या एकांताची भाकरी वाहणाऱ्या बाईच्या पायाशी बसला.

म्हणजे कोणाचाही एकांत फुकट नसतो. राणी पाण्यात उतरली तेव्हा मागे तट होता, आणि तटावर कोणीतरी पहाऱ्याला होतं. 'दुसऱ्यांच्या पायरवाने न मळलेली' जागा ही निसर्गाने दिलेली असेलच असं नाही. कोणीतरी आपले पाय आवरतं, तेव्हाही ती तयार होते.

आणि हे मी ओढूनताणून लावत नाहीये. अध्यायच तसा जातो. दहाव्या श्लोकात भगवंत सांगतात, एकटा राहा, एकांतात बस. पुढे आसन, आहार, झोप, मनाचं चंचलपण, सगळं येतं. आणि बत्तिसाव्या श्लोकात ते श्रेष्ठ योगी कोणाला म्हणतात? दुसऱ्याचं सुखदुःख जो आपल्यासारखंच बघतो त्याला. एकांतात बसलेला माणूस बावीस श्लोकांनी माणसांमध्येच येऊन पोचतो. माझा ध्यानाचा अर्धा तास मला शेजारच्या खोलीतल्या माणसाचा थकवा दाखवत नसेल, तर मी अजून दहाव्या श्लोकावरच बसलोय.

एक व्यवहाराचं. ही जागा वाचून कोणी लगेच बॅग भरेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या प्रवासी होड्या बंद असतात. अनोळखी पुळणीवर लाटा शांत दिसल्या तरी ओढ असू शकते, खडक पाण्याखाली दिसत नाहीत. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका, आणि तो म्हणेल तिथे थांबा. समुद्राचीही वेळ असते, तीही पाळायची.

पण मालवण नाही जमलं तरी आजची साधना घरीच होते. तुमच्या घरातलं एक माणूस निवडा. त्याला आज अर्धा तास द्या. उपदेश नको, 'जा, मेडिटेशन कर' असंही नको. तो अर्धा तास दारावरची बेल तुमची, कुकरच्या शिट्ट्या तुमच्या, आजीची हाक तुमची. ते माणूस जप करेल, झोपेल, गच्चीत नुसतं उभं राहील. विचारू नका. आमच्या घरी आता संध्याकाळी सात ते साडेसात आजीपाशी मी किंवा भाऊ बसतो. ऑन-कॉल असलो तर लॅपटॉप तिथेच. आई कधी देवळात जाते, कधी नाही. आमच्या फ्रीजवरच्या कागदावर त्या अर्ध्या तासासमोर भावाने लिहून ठेवलंय, 'राणीची वेळ'.

ज्यांच्या वाट्याला असा अर्धा तास येईल त्यांनी संकोच न करता घ्यावा. राज्य सांभाळणाऱ्या बाईने घेतला होता.

उद्या बारावा श्लोक : आसनावर बसल्यावर मनाचं काय करायचं. तोवर पहारा नीट करू या.

राम कृष्ण हरी 🙏