दैव पाचवं

आमच्याकडे पाचवीच्या रात्री पाटा-वरवंटा पुजतात आणि शेजारी कोरा कागद, पेन ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणे. नातवाच्या पाचवीला तो कागद मीच ठेवला. सकाळी अर्थातच कोरा होता. घडी घालून तो ज्ञानेश्वरीत खुणेला ठेवला, अठराव्या अध्यायात. सप्ताहाच्या प्रवचनासाठी तेव्हा तोच अध्याय चालला होता.

घरात दुसराही एक कागद होता. सुनेला दिवस गेले तेव्हा मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. लसींच्या तारखा, वजनाची वर चढणारी रेघ, आणि कितव्या महिन्यात मूल काय करू लागतं याची चित्रं. ते कपाटात रेशनकार्डाच्या खाली पडून असायचं.

पोरगं अंगानं दणकट. दहाव्या महिन्यात धरून उभं राहिलं, वर्षाला चाललं. पाचव्या महिन्यात अग्गूबग्गू चालायचं, ते पुढं हळूहळू बंद पडलं. आम्ही म्हणालो, गुणी आहे, त्रास देत नाही. न ऐकणारं बाळही सुरुवातीला असंच अग्गू करतं आणि स्वतःचा आवाज कानी पडत नाही म्हणून मग गप्प होत जातं, हे मला कोण सांगणार? भजनाला मात्र हा पखवाजाला चिकटून बसायचा आणि थाप पडली की खुलायचा. नाद रक्तातच आहे, असं मी चारचौघांत सांगत सुटलो.

सोळाव्या महिन्यात अंगणवाडीच्या ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आप्पा, नाव घेतलं तरी हा वळत नाही. कान दाखवून घ्या एकदा.”

मी म्हणालो, “ताई, आमच्या वडिलांनी चौथ्या वर्षी तोंड उघडलं, ते मरेपर्यंत मिटलं नाही.”

सगळे हसले. ताईही हसल्या, पण जाताना कार्ड मागून घेऊन त्यावर काहीतरी लिहून गेल्या. पुढं त्या आणखी तीनदा आल्या. मी रोज वेखंड उगाळून पोराच्या जिभेला लावत होतो. कुणी म्हणालं, आळंदीला न्या, माउलींनी रेड्याकडून वेद वदवले, तुमचा नातू किस झाड की पत्ती. माझा हट्ट निराळा होता. मूल म्हणजे काही ज्वारीचं पोतं नव्हे की तागडीत घातलं. ज्यानं चोच दिली तो शब्दही देईल. याला मी श्रद्धा म्हणत होतो. खरं तर मी घाबरलो होतो.

अधिक महिन्यातल्या प्रवचनात अठराव्या अध्यायातली एक ओळ पुन्हा समोर आली. कुठलंही कर्म घडायला गीता पाच कारणं सांगते : शरीर हे अधिष्ठान, करणारा, इंद्रियं, नाना तऱ्हांचे प्रयत्न, आणि पाचवं दैव. वीस वर्षं मी हा भाग सांगत आलो आणि वीस वर्षं हात हलवत शेवटच्या शब्दावर जोर देत आलो. त्या दिवशी नंबर दिसला. दैव पाचवं आहे. आधी चार आहेत, आणि त्यातल्या इंद्रियांकडं मी नातवाच्या बाबतीत बघितलंच नव्हतं, प्रयत्नाच्या नावावर वेखंड होतं.

त्याहून मोठा धक्का दैव या शब्दानं दिला. शंकराचार्य तिथं कपाळावरची रेघ असा अर्थ घेत नाहीत. डोळ्यामागं सूर्य, तशा इंद्रियांना हात देणाऱ्या ज्या देवता, ते दैव, असं ते म्हणतात. माउलीही तिथं इंद्रियांमागं उभा असलेला देवांचा समुदायच दाखवतात. वेदान्तात कानाची देवता म्हणजे दिशा. मला हे पाठ होतं. पाठ असलेलं माणसाला कळलेलं असतंच असं नाही. कानाशी दिशांनी येऊन उभं राहणं हे दैव असेल, तर तो कान उघडा आहे की नाही हे बघणं म्हणजे दैवात ढवळाढवळ कशी?

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणालो, ते कार्ड काढ. ती काही बोलली नाही. कार्ड तिच्या पिशवीतच होतं, तयार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब या चार गोष्टींसाठी त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आम्हीही तसेच गेलो. तिथल्या मॅडमनी विचारलं, घरी काही करून बघितलं का? मी म्हणालो, पाठीमागून थाळी वाजवली, तेव्हा वळला होता. त्या म्हणाल्या, “आजोबा, फरशीचा हादरा कळतो त्याला. तुमची सावलीही दिसते.” मला पखवाज आठवला. तो ऐकत नव्हता, हात लावून बसत होता.

झोपवून बेरा ही कानाची चाचणी केली. दोन्ही कानांत बहिरेपण तीव्र होतं. बाविसावा महिना चालू होता. ताईंनी पहिल्यांदा सांगितल्याला सहा महिने झाले होते, आणि बोलणं शिकायच्या वयातले सहा महिने म्हणजे माझ्या वयातली सहा वर्षं.

माझा आक्षेप तागडीला होता, म्हणून त्याबद्दलही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली मुलांच्या हालचालींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतासह घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतली निरोगी मुलं होती. कुणी आठव्या महिन्यात एकटं चाललं, कुणी साडेसतराव्या, आणि दोन्ही ठीकच. शंभरातली चारेक मुलं तर रांगलीच नाहीत, थेट चालली. म्हणजे मापणाऱ्यांचा धीर माझ्यापेक्षा मोठा निघाला. फक्त अंगण कुठं संपतं ते त्यांना माहीत असतं. ज्या ‘अंगणवाडी’ला मी नावं ठेवत होतो ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये उभी केली, तीही मुलांच्या दारात जाऊनच. मूल येईल तेव्हा येईल म्हणत त्या बसल्या नाहीत.

नातवाच्या कानाला यंत्र लागलं, पण यंत्रानं सगळं सुटतं असं कुणी समजू नये. कान बरा झालेला नाही, होणारही नाही. यंत्र सैल बसलं की शिट्टी मारतं, एकदा ऐन हरिपाठात मारली. आठवड्यातून एकदा एसटीनं जिल्ह्याला जाऊन वाचा उपचार, आणि घरी रोज तासभर सून त्याच्यासमोर बसून ‘पाणी’, ‘पोळी’, ‘दे’ म्हणत असते. मी मदतीला बसलो तर तो कंटाळतो, मी प्रवचनाच्या सुरात बोलतो म्हणून.

सुनेनं एकदाच विचारलं, “आप्पा, माझं काही चुकलं असेल का हो, मागच्या जन्मी?” मी नाही म्हणालो, आणि लगेच मान खाली गेली. अकरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका घरी मुलगी मान धरत नव्हती. त्या बाईंनी हेच मला विचारलं होतं, आणि मी संचित, प्रारब्ध, क्रियमाण असं तासभर सांगून दक्षिणा घेऊन आलो होतो. दवाखान्याचं नाव मी काढलं नाही. त्यांनी पुढं बरीच वर्षं कुठं दाखवलं नाही.

नातू आता साडेचार वर्षांचा आहे. रामाला लाम म्हणतो, मला आप्पा म्हणतो. ज्ञानेश्वरीतली खूण बदलली, तिथं आता कार्ड आहे. गल्लीतल्या त्या घरी जायचं दोनदा ठरवलं. एकदा दारापर्यंत गेलो. आतून मुलीचा आवाज येत होता, आई तिला काहीतरी भरवत होती. मी परत आलो.