जिभेवरचे मरण

जॉर्ज फिशर १९९५ पासून 'कॅनिबल कॉर्प्स' या अमेरिकन डेथ मेटल बँडचा गायक आहे. कुजणारी प्रेते, फुटलेल्या कवट्या आणि बाहेर आलेली आतडी हे त्याच्या गाण्यांचे विषय. ही गाणी तो देशोदेशी, रात्रीमागून रात्र गुरगुरत गातो, आणि चाहते त्याला 'कॉर्प्सग्राइंडर' याच नावाने ओळखतात. दौऱ्यात मोकळा वेळ मिळाला की बैलासारख्या मानेचा हा धिप्पाड माणूस खेळण्यांच्या यंत्रापुढे उभा राहतो, काचेआडच्या पंजाने कापडी अस्वले आणि ससे उचलतो. अशी जमवलेली खेळणी तो मुलांसाठी दान करतो.

यातला खरा फिशर कोणता?

नाम मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न सोपा नाही. जे ओठांवर रोज घोळते ते हळूहळू मनात मुरते, या भरवशावर घरोघरी हरिपाठ म्हटला जातो. वाल्या कोळ्याच्या कथेत तर उलटा जपसुद्धा फळाला येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे, असे तिथे म्हटले आहे. या कसोट्यांवर डेथ मेटलचे एक कडवेही टिकणार नाही. मग वर्षानुवर्षे मरणाचा जप करणाऱ्याच्या आत काय मुरत असेल?

दौरा म्हणजे दारू आणि धिंगाणा, असा बाहेरच्यांचा समज असतो. गायकाच्या वाट्याला मात्र बरेचसे पथ्यच येते. बसमधल्या एकावर एक रचलेल्या अरुंद बंकांत झोपायचे, दुपारी नव्या गावात उतरून साउंडचेक उरकायचा, रात्री तासाभराचा सेट गायचा. नंतर घाम पुसून टी-शर्टांच्या टेबलामागे उभे राहायचे, कारण लहान बँडचा डिझेलचा खर्च बहुधा तिथूनच निघतो. गिटारची तार तुटली तर नवी लावता येते, बसलेल्या घशाला तशी सोय नाही. म्हणून बसमधला कोरडा एसी, मध्यरात्रीचे तेलकट जेवण, त्यातून वर येणारे पित्त आणि गोंगाटात ओरडून मारलेल्या गप्पा, सगळे सांभाळावे लागते. कितीतरी गायक दिवसा मौनच धरतात. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने अशा गायकांना श्वास आणि घसा राखायला शिकवले. २००५ मधल्या आपल्या डीव्हीडीला तिने 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' हे नाव दिले.

नुसते ओरडून हा आवाज टिकत नाही. स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती स्वस्थ असते; ग्राउल, म्हणजे डेथ मेटलची ही गुरगुर, करताना ती थरथरवली जाते आणि तो पाताळातून आल्यासारखा घोगरा नाद उमटतो. याच घड्या कंठगायनाच्या परंपरांतही कामाला येतात. धरमशाळेजवळ सिद्धबारीला ग्युतो मठ आहे. तिथले तिबेटी भिक्षू ज्या अतिखर्जात मंत्र म्हणतात, तो ऐकून डेथ मेटलचा चाहता चमकतो. एकाच्या कंठातून मंत्र येतो, दुसऱ्याच्या कंठातून प्रेत. म्हणजे पाप आवाजात नाही. असलेच तर शब्दात, किंवा शब्दामागच्या भावात.

इथे संतांचेच माप लावावे लागते. नुसत्या जिभेवरच्या नामावर त्यांनी कधी समाधान मानले नाही. भाव नसेल तर टाळ-माळेचा उपयोग काय, असे त्यांनी वारंवार बजावले. भावाशिवाय नाम तारत नसेल, तर भावाशिवाय मरणाचा उच्चार तरी कोणाला का बुडवील?

'डीइसाइड' या डेथ मेटल बँडच्या ग्लेन बेंटनने मात्र मरणाचा भाव रंगमंचाखाली उतरवला. कपाळावर त्याने उलटा क्रूस डागून घेतला आणि ख्रिस्ताच्या वयाला, म्हणजे ३३ व्या वर्षी, आपण जीव देऊ असे जाहीर केले. २००० साली ते वय आले आणि गेले. बेंटन जगला, हे फार चांगले झाले. कपाळावरचा डाग तेवढा त्याच्याबरोबर गावोगाव फिरतो.

चक शुल्डिनरची गोष्ट याहून खोल आहे. थोरला भाऊ गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दुःखातून पोर सावरावे म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. पुढे त्याने फ्लोरिडात बँड काढला आणि त्याचे नावच 'डेथ' ठेवले. १९८७ च्या पहिल्या अल्बममध्ये रक्तमांसाचा चिखल आहे. १९९१ च्या 'ह्युमन'पर्यंत त्याची लेखणी माणसाच्या मनाकडे वळली होती. मधल्या काळात, १९९० साली, युरोपच्या दौऱ्याची तयारी धड नाही म्हणून तो ऐनवेळी गेलाच नाही. सोबती 'डेथ'च्याच नावाने गेले आणि दुसऱ्याच्या घशातून त्याची गाणी गाऊन आले. १९९९ मध्ये त्याला मेंदूचा ट्यूमर असल्याचे कळले. १३ डिसेंबर २००१ ला, ३४ व्या वर्षी, तो गेला. मरण गात गात तो मरणाच्या शोभेकडून जगण्याच्या प्रश्नांकडे आला होता. त्याच्यापुरता तरी हा जप फळला.

आणि बीभत्साशी आपलेही जुने नाते आहे. भरताने त्याला रसांत बसवले, बुद्धाने भिक्षूंना स्मशानातल्या सडत्या देहाचे चिंतन करायला सांगितले. उंबरठ्यावर हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नृसिंह तर आपल्या देव्हाऱ्यातलाच. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'ने २०१७ मध्ये 'दशावतार' हा अल्बम काढला, त्यात हा अवतारही आहे. गुरगुरत्या आवाजाला इतका साजेसा विषय क्वचितच सापडेल.

श्रोत्यांचे मनही बधिर होत असल्याचे दिसत नाही. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी ३२ चाहते आणि ४८ इतर यांच्या एका डोळ्यापुढे हिंसक चित्र आणि दुसऱ्यापुढे साधे चित्र धरले, कानांवर कधी डेथ मेटल तर कधी आनंदी गाणे सोडले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हिंसक चित्राने चाहत्यांचे मनही इतरांइतकेच वेधले जात होते.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो रसशास्त्र पुढे करून उडवता येत नाही. फिशरच्या आधीच्या काळातल्या 'कॅनिबल कॉर्प्स'च्या काही गाण्यांत चिरफाड होते ती बाईच्या देहाची. मरण सगळ्यांना सारखे. ही विटंबना मात्र निवडून एकीच्याच वाट्याला येते. जर्मनीने पहिल्या तीन अल्बममधली गाणी रंगमंचावर गायला २००६ पर्यंत मनाई केली होती. बंदी हा उपाय चुकीचाच होता, कारण भाव कायद्याने तपासता येत नाही. पण आज ती गाणी गाणाऱ्यांनी तो स्वतःचा स्वतः तपासावा, आणि अशी गाणी आपणहून सेटमधून काढून टाकावीत. बाकीचे मरण त्यांनी खुशाल गावे.