वास्तु आणि तिचें अंगण

घरधन्याची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर दिवाणखान्यांत जाण्यापूर्वीं त्याच्या ओसरीवर घटकाभर बसून पाहावें. दिवाणखान्यांत कोणास बोलवावयाचें हें त्यानें आधींच ठरविलेलें असतें. ओसरीवर मात्र वाटसरू येतो, भिक्षेकरी येतो, पाणी मागणारा येतो; आणि त्यांच्याशीं तो कसा वागतो यावरून घराची प्रत कळते. हाच न्याय सार्वजनिक वास्तूंसहि लावावा कीं काय, हा प्रश्न गेलीं कांहीं वर्षें आमच्या मनांत घोळत आहे. शहरोशहरीं जुन्या वास्तूंच्या भोंवतालची जागा नव्यानें आंखण्याचें काम हल्लीं चाललें आहे. फरशा बसतात, दिवे लागतात, कुंपणें उभीं राहतात. हें सर्व डोळ्यांस सुखविणारें असतें, आणि सौंदर्याशीं वैर धरण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु अशा वास्तूचें अंगण कोणाचें, हा प्रश्न जितका वास्तुरचनाकाराचा आहे तितकाच नीतिशास्त्राचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

आम्हांस हें वाटूं लागण्यास एक प्रसंग कारण झाला, आणि त्यांत अपराध आमचा स्वतःचाच असल्यामुळें तो सांगणें प्राप्त आहे. आम्ही घोडनदीच्या कांठीं, शिरूर येथें राहतों. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील मुलें आमच्या वर्गांत असतात. कोणाच्या घरीं ऊंस, कोणाच्या घरीं ज्वारी, तर कोणाचे वडील दौंडास रेल्वेच्या नोकरींत. कांहीं वर्षांपूर्वीं या मुलांना घेऊन आम्ही दौंडहून आगगाडीनें मुंबईस गेलों, आणि भायखळ्यास राणीच्या बागेजवळील डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय पाहिलें. एका विद्यार्थ्याची आजी, जन्मांत मुंबई पाहिली नाहीं म्हणून, आमच्याबरोबर आली होती. संग्रहालय पाहून झाल्यावर आम्हीं मुलांना इमारतीसमोर छायाचित्रासाठीं उभें केलें. म्हातारी शेजारींच सावलींत बसून फडक्यांतील भाकरी सोडीत होती, आणि ती चित्राच्या चौकटींत येत होती. आम्हीं म्हटलें, "आजी, जरा पलीकडे सरतां का?" तिनें लगबगीनें फडकें गुंडाळलें. "व्हय मास्तर, चुकलंच माझं," असें म्हणून ती झाडामागें गेली. छायाचित्र उत्तम निघालें. परंतु परततांना पाटस स्टेशन मागें पडलें तरी आमच्या मनांतून एक विचार जाईना. त्या बाईचें चुकलें तें काय?

ती इमारत कोणीं व कशासाठीं उभारली हें आठवलें म्हणजे आमचा अपराध अधिकच उघडा पडतो. १८५१ सालीं लंडन येथें जें महाप्रदर्शन भरलें, त्यापासून जगभर प्रदर्शनांची हवा सुरू झाली. १८५५ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांतून वस्तु गोळा करण्यांत आल्या, आणि त्याच खटपटींतून मुंबईच्या या संग्रहाचा आरंभ झाला. १८५७ च्या धामधुमींत, संग्रह ज्या बराकींत होता ती सैन्यासाठीं घेतली गेली व वस्तूंची वाताहत झाली. पुढें जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी या मंडळींनीं नेट धरून वर्गणी जमविली. १८६२ सालीं पाया घातला गेला, आणि २ मे १८७२ रोजीं इमारत लोकांस खुली झाली. नाना तोंवर निवर्तले होते; १८६५ सालींच त्यांचा अंत झाला. आपण पाहणार नाहीं अशा वास्तूसाठीं जो मनुष्य झटतो, तो 'लोक' हा शब्द केवढ्या व्यापक अर्थानें योजीत असला पाहिजे! १९७५ सालीं संग्रहालयास डॉ. भाऊ दाजींचें नांव मिळालें. २००३ ते २००८ या काळांत त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि त्या कामाचा २००५ सालीं युनेस्कोनेंहि गौरव केला. जुनें वैभव परत कसें आणावें याचा तो जीर्णोद्धार उत्तम नमुना आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

त्या दालनांत काचेच्या कपाटांमागें मातीचीं लहान माणसें मांडलेलीं आहेत. निरनिराळ्या जातींचे, पेहरावांचे व धंद्यांचे लोक कारागिरांनीं मोठ्या कौशल्यानें घडविले आहेत. आमच्या मुलांनीं तीं चित्रें बराच वेळ कौतुकानें पाहिलीं, आणि आम्हीं त्यांवर लहानसें व्याख्यानहि झोडलें. नंतर बाहेर आलों, तों त्यांपैकींच एक मूर्ति जणूं सजीव होऊन भाकरी सोडीत बसलेली. आणि तिला आम्हीं उठविलें. मातीच्या शेतकरणीस काचेची कपाटें आणि हाडामांसाच्या शेतकरणीस झाडामागची जागा, असा हा आमचा संस्कृतिप्रेमाचा हिशेब होता.

प्रदर्शनाचा धर्म निवडीचा आहे. हजार वस्तूंतून एक वेंचावी, ती पुसावी, मांडावी, तिच्यावर उजेड पाडावा, यालाच प्रदर्शन म्हणतात. आणि दालनाच्या आंत हा धर्म योग्यच आहे. अडचण उत्पन्न होते ती हा धर्म उंबरठा ओलांडून अंगणांत उतरतो तेव्हां. मग अंगणहि एक मांडलेली वस्तु होऊन बसतें. त्यांत शोभतील तीं माणसें राहतात, न शोभणारीं वेंचून बाहेर काढलीं जातात. त्यासाठीं चौकीदाराची काठीच लागते असें नाहीं; बसण्यास ओटा नसला, सावली नसली, प्यावयास पाणी नसलें, तरी तेंच कार्य साधतें. दगड सुबक असतो, आणि "तूं येथें नको" हें तो न बोलतां सांगतो.

यावर विचारी वाचक म्हणतील, कीं मोकळीक दिली म्हणजे घाण होते, भिंतींवर नांवें कोरलीं जातात, फेरीवाल्यांचीं पालें पडतात आणि ज्या वास्तूसाठीं हा खटाटोप तीच नासते. हा आक्षेप खोटा नाहीं. आमच्या तालुक्यांतील जुन्या देवळांच्या ओवऱ्यांची दशा आम्हीं पाहिली आहे, आणि राखण करण्यास पैसा लागतो हेंहि आम्ही जाणतों. आमच्या त्या सहलीच्या वेळीं राणीच्या बागेचें तिकीट ५ रुपये होतें. नूतनीकरण व पेंग्विन पक्ष्यांचें आगमन झाल्यावर २०१७ सालीं तें ५० रुपये झालें. चौघांच्या कुटुंबास १०० रुपयांची सवलत ठेवली गेली, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. उद्यानाचा खर्च मोठा, तेव्हां ही वाढ करणाऱ्यांस आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. तथापि राखण करणें निराळें आणि वगळणें निराळें. घाणीवर उपाय झाडूचा, केराच्या टोपलीचा आणि शौचगृहाचा. घाण करतील या भयानें माणसांनाच दूर ठेवणें म्हणजे अजीर्णाच्या भीतीनें अन्न बंद करण्यासारखें आहे.

आणि तें भय तरी कितपत खरें ठरतें? ज्या १८५१ च्या प्रदर्शनाच्या कुळांत आमचें हें संग्रहालय जन्मलें, त्याचाच दाखला घ्यावा. आरंभीं तेथील प्रवेशमूल्य श्रीमंतांसच परवडेल असें होतें. मे महिन्याच्या अखेरीस सोमवार ते गुरुवार एक शिलिंग दर ठरला, तेव्हां मजुरांच्या झुंडी येऊन दंगा करतील, अशी भीति अनेक प्रतिष्ठितांस वाटली. झुंडी आल्या, कारखान्यांतून आल्या, खेड्यांतून आल्या. दंगा मात्र झाला नाहीं. सुमारें ६० लक्ष भेटींचा तो मेळा शांतपणें पार पडला. ज्यास आपण विश्वासानें आंत घेतों तो बहुधा त्या विश्वासास जागतो, आणि ज्यास कुंपणाबाहेर ठेवतों त्यास त्या वास्तूविषयीं ममता वाटण्याचें कारणच उरत नाहीं.

ममता कशी उत्पन्न होते याचें उदाहरण आमच्या शिरुरांतच आहे. १८०९ सालीं वारलेले कर्नल वॉलेस या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचें थडगें येथें आहे. शिरूर व आसपासच्या खेड्यांतील लोक त्यांस 'सत्पुरुष' मानीत, आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य तेथें नेत, अशी नोंद १८८५ च्या पुणें जिल्हा गॅझेटियरांत आहे. परक्या धर्माचा, परक्या सत्तेचा तो मनुष्य; तरी लोकांनीं त्याचें थडगें आपलें केलें. त्यांना तसें करण्यास कोणीं सांगितलें नव्हतें, आणि अडविलेंहि नव्हतें. तेथें जाऊन बसण्याची, नारळ ठेवण्याची मोकळीक होती, एवढ्यावर हें नातें जडलें. वास्तूचें खरें संरक्षण अशा नात्यानें होतें. कुंपण त्याच्या मदतीस असावें, त्याच्या जागीं येऊं नये.

तेव्हां जुन्या वास्तूभोंवतालची जागा नव्यानें आंखणाऱ्यांस आम्ही एकच कसोटी सुचवूं. कांहीं विकत न घेतां, कारण न सांगतां, अंगावरच्या कपड्यांची लाज न वाटतां एखादें माणूस तेथें तासभर बसूं शकेल काय? शकत असेल, तर बाकीची रचना कशीहि असो, ती जागा सार्वजनिक आहे. शकत नसेल, तर ती कितीहि देखणी असली तरी खाजगीच समजावी. सावलीचें झाड, बसावयाचा ओटा आणि पाण्याचा नळ यांना आराखड्यांत पहिली जागा मिळावी. कारंजें त्यांच्यामागून येऊं द्यावें.

तें छायाचित्र आमच्या अभ्यासिकेंत अजून टांगलेलें आहे. मुलें ओळीनें उभीं आहेत, मागें वास्तूचा दर्शनी भाग उन्हांत उजळला आहे, आणि डाव्या बाजूस थोडी मोकळी जागा आहे. पाहुणे चित्राची वाखाणणी करतात. आमची नजर मात्र त्या मोकळ्या जागेवर जाते, आणि चौकट पूर्ण करणारें माणूस आपणच बाहेर काढलें, हें प्रत्येक वेळीं नव्यानें ध्यानांत येतें.