हप्ता सुरू होण्याआधी

बदलापूर, नेरळ, विरार या पट्ट्यात मध्यंतरी काही वर्षं बिल्डरांच्या फलकांवर एक आकडा हमखास दिसायचा : २.६७ लाखांची सबसिडी. जून २०१५मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतलं (शहरी) हे व्याज अनुदान. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या पहिल्या सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याजाचा भार सरकार उचलत असे. तोही महिन्या-महिन्याला नव्हे. वीस वर्षांचा हिशेब आजच्या किमतीत मांडून सगळी रक्कम एकदम कर्जखात्यात जमा व्हायची.

परिणाम लगेच दिसे. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या सहा लाखांचा हप्ता साधारण ५,४०० रुपये. अनुदान जमा झालं की मुद्दल ३.३३ लाखांवर येई आणि हप्ता तीन हजारांच्या आसपास. दरमहा २,४०० रुपये सुटले तर गॅस, वीजबिल आणि मुलाच्या क्लासची फी निघते. शिवाय नव्या घराच्या कागदावर घरातल्या बाईचं नाव हवं, अशी अट होती. या योजनेतली सर्वांत शहाणी तरतूद कदाचित हीच.

मार्च २०२२मध्ये ते व्याज अनुदान बंद झालं, तोवर देशभरात सुमारे २५ लाख कुटुंबांना त्याचा लाभ मिळाला होता. आकडा लहान नाही. पण २०१७पासून वर्षाला १८ लाख कमावणारेही त्यात आले होते, हे विसरून चालणार नाही.

अनुदान मिळतं ते कर्ज मंजूर झालेल्याला. म्हणजे खरी परीक्षा बँकेच्या टेबलावर आधीच होऊन गेलेली असते. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, दोन-तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सिबिल स्कोअर. महिन्याला पंचवीस-तीस हजार कमावणारा रिक्षावाला, चार घरी स्वयंपाक करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा गवंडी यांच्याकडे यातलं काय असतं? पाच-सहा हजार भाडं ते वर्षानुवर्षं न चुकता भरतात, पण घरमालक पावती देत नाही आणि पावतीविना ती शिस्त कुठल्याच खात्यात चढत नाही. अशांना कर्ज देणाऱ्या गृहवित्त कंपन्या आहेत. त्यांची माणसं घरी, धंद्याच्या जागी येऊन कमाईचा अंदाज बांधतात. पण त्या जोखमीपोटी व्याज बँकेपेक्षा बरंच चढं लावतात. सरकारने दिलेले टक्के मग हा फरक भरण्यातच जिरतात.

दुसरी अडचण डाऊन पेमेंटची. ठाण्यात किंवा पुण्यात बाईच्या नावावर २५ लाखांचा फ्लॅट घ्यायचा झाला, तर बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते. अडीच लाख पदरचे. स्त्रीला मिळणारी एक टक्का सवलत धरूनही मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणीचे २५ हजार. सव्वाचार लाख रुपये हप्ता सुरू होण्याआधीच हातात हवेत. ते येतात कुठून? मंगळसूत्र गहाण टाकून, भिशी उचलून, गावच्या भावाकडून, नाहीतर महिन्याला तीन टक्क्यांनी देणाऱ्या सावकाराकडून. सरकारी स्वस्त कर्ज मिळवण्यासाठी महागातलं महाग कर्ज काढावं लागतं, ही या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट आहे.

सप्टेंबर २०२४पासूनच्या योजनेच्या नव्या टप्प्यातही ही गोष्ट तशीच आहे. आता वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत चालतं. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान, एकूण जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज मध्येच फेडून मोकळे होणाऱ्यांना चाप बसावा हा त्यामागचा हेतू दिसतो आणि तो रास्तही आहे. पण नोंदणीच्या दिवशी ज्या घराला सव्वाचार लाख कमी पडताहेत, त्याला पुढल्या वर्षीचे ३६ हजार काय कामाचे?

सोलापूरजवळ कुंभारीत रे नगर उभं राहिलं ते वेगळ्या वाटेने. विडी कामगार, यंत्रमागावर राबणारे, कचरा वेचणारे अशा असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं. त्यातली पहिली १५,००० जानेवारी २०२४मध्ये ताब्यात दिली गेली. इथे प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख थेट बांधकामात आले, व्याजाच्या हिशेबात नाही. उरलेला वाटा कामगारांचा. कारखान्यातून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला बँकेने एकटीला उभं केलं नसतं. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या कामगार संघटनेने घरांची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, म्हणून ती बाई हजारोंच्या रांगेतून आत गेली. त्याआधी २००६मध्ये याच भागात विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची गोदुताई परुळेकर वसाहत झालेली होती.

प्रत्येक शहरात अशी संघटना नसते. मग बँकेपुढे ओळख द्यायला सरकारनेच पुढे यावं. त्यासाठी पतहमी निधी आहे, २०१२पासून आहे. कर्ज बुडालं तर बँकेचं काही नुकसान तो भरून देतो आणि नव्या टप्प्यात त्याची रक्कम १,००० कोटींवरून ३,००० कोटी झाली आहे. अर्जदाराला मात्र या निधीचं नावही सहसा माहीत नसतं. भाड्याची नोंद, वीजबिलं, बचत गटातली परतफेड यांना पगाराच्या चिठ्ठीइतका मान देऊन या हमीखाली कर्ज मंजूर व्हावं, आणि १.८० लाखांतला निम्मा वाटा नोंदणीच्या दिवशीच मुद्रांक शुल्कात वळता व्हावा. यासाठी नवा पैसा फारसा लागत नाही. लागतो तो दोन खात्यांमधला एक आदेश. अनुदानाचं खातं दिल्लीत बसतं, मुद्रांक शुल्काचं मुंबईत.