पटावर न दाखविलेला साप

नाशिकरोड येथील एका परिचित कुटुंबाकडे रविवारच्या मिस्सानंतर आमचे जाणे झाले. बैठकीच्या खोलीत त्या घरचा नववीतील मुलगा पडद्यासमोर बसून बर्फावरील हॉकी खेळण्यात दंग होता. टोरांटोजवळ राहणाऱ्या त्याच्या मामाने सुट्टीत येताना हा व्हिडिओ गेम आणला होता. सामना बरोबरीत होता आणि थोडेच क्षण उरले होते. मुलाने मारलेला जोरकस फटका गोलच्या खांबावर आदळून परत आला, आणि लगेच प्रतिपक्षाने त्याच्यावर गोल चढविला. मुलाने हातातील कंट्रोलर सोफ्यावर भिरकावला व तो ओरडला, "हा गेम खोटा आहे!"

कोपऱ्यात बसलेले त्याचे आजोबा हसले. निफाड तालुक्यातील हे जुने द्राक्षबागायतदार गुडघ्याच्या दुखण्यामुळे शहरात मुलाकडे राहावयास आले आहेत. "आमच्या नशिबी बर्फ आला तो गारांचाच," ते म्हणाले. बोलणे तेथेच थांबले. परंतु मुलाचा तो 'खोटा' हा शब्द आमच्या मनातून जाईना.

पोरांच्या खेळण्यावर इतका विचार कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. त्यास आम्ही १३ व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचा हवाला देऊ. खेळण्यातही सद्गुण असू शकतो काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात गंभीरपणे हाताळला आहे. तेथे ते संत योहानाची एक जुनी कथा देतात. प्रेषिताला शिष्यांसह खेळताना पाहून काही जणांना धक्का बसला, तेव्हा योहानाने एका धनुर्धाऱ्यास बाणांमागून बाण सोडावयास लावले. असेच अखंड चालू ठेवले तर धनुष्य मोडेल, असे त्याने म्हणताच योहानाने मनाचेही तसेच असते हे दाखवून दिले. तेव्हा खेळाचा विचार ख्रिस्तसभेला परका नाही.

आता तो मुलगा 'खोटा' कशाला म्हणत होता, ते पाहू. बर्फावरील हॉकी आपल्या देशात मुख्यतः लडाख, स्पिती अशा थंड मुलखांत खेळली जाते. नाशिककरास ती पडद्यावरच भेटते. तिच्यात चेंडूऐवजी 'पक' नावाची कडक रबराची चकती असते. ती एक इंच जाड, तीन इंच व्यासाची आणि सुमारे १७० ग्रॅम वजनाची असते. ती फार उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. तरीही ती कोणाच्या काठीला, कोणाच्या बुटाला लागून वाट बदलते, आणि कित्येक गोल अशा अपघातानेच होतात. अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलरक्षक शंभरातले सुमारे नव्वद फटके अडवितात. म्हणजे ज्याला खरी हॉकी हवी, त्याने दहातले नऊ फटके वाया जाण्याची तयारी ठेवावयास हवी. खांबावर आदळून परतलेली चकती हा त्या खेळाचा खरेपणाच होय.

खेळ तयार करणाऱ्यांची अडचण येथेच सुरू होते. खरा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांचा, एकूण साठ मिनिटांचा असतो. पडद्यासमोर एवढा वेळ कोण बसणार? म्हणून डाव चार-पाच मिनिटांचे करतात. पण मग चार-पाच मिनिटांत वीस मिनिटांएवढे फटके आणि गोल बसवावे लागतात. अर्थात चकती खऱ्याहून अधिक वेळा गोलकडे धावली पाहिजे, शिक्षा कमी झाल्या पाहिजेत, दमलेल्या खेळाडूंनी लवकर ताजेतवाने झाले पाहिजे. हुबेहूबपणासाठी असे ठायी ठायी खोटे बोलावे लागते. आणि मुलांची त्याबद्दल तक्रार नसते! खेळाडूंची नावे, गणवेश, बर्फावर उमटणाऱ्या रेघा खऱ्या असाव्यात एवढा त्यांचा आग्रह असतो. नशीब मात्र खरे नको असते.

क्रिकेटच्या बाबतीत हेच आपल्या घराघरांत घडले. २००६ साली आलेला 'क्रिकेट ०७' हा गेम आपल्याकडील मुलांनी पुढे कित्येक वर्षे खेळला. नवे गणवेश, नवे खेळाडू त्यात स्वतः घालून त्याला जिवंत ठेवला. एकदा फटक्याची वेळ साधली की त्यात षटकामागून षटके सीमापार टोलविता येत. पाच षटकांत शंभर धावा निघाल्या तेव्हा हे क्रिकेट नव्हे असे कोणी म्हटल्याचे आम्हांला आठवत नाही. सरळ चेंडूवर त्रिफळा उडाला की मात्र यंत्र लबाड ठरे.

ही खोड मुलांपुरती नाही. सिड मायर या प्रसिद्ध अमेरिकन खेळरचनाकाराने २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथील एका व्याख्यानात स्वतःचा अनुभव सांगितला होता. त्याच्या युद्धाच्या खेळात, दोन्ही सैन्यांचे बळ तीनास एक असे असताना बलवान बाजूचा खेळाडू कधीमधी हरे, आणि गणिताने ते योग्यच होते. पण खेळणारे संतापत: तीन पट बळ असून हरलो कसे? उलट, तोच खेळाडू दुबळ्या बाजूने जिंकला, तर त्यास त्यात काही विचित्र वाटत नसे. अखेर रचनाकारांना गणित वाकवावे लागले. अनपेक्षित पराजयाचा हिशेब आपण मागतो आणि अनपेक्षित विजय मुकाट्याने खिशात घालतो. पापनिवेदनाच्या वेळी या दुसऱ्या गोष्टीची आठवण आम्हांला तरी कधी झालेली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मुलाला चार शब्द सुनावून मोकळे होता आले असते. परंतु चहा घेताना तो आम्हांस म्हणाला, "खांबाला लागलं त्याचं काही नाही. मी पुढे असलो की समोरची टीम आपोआप जोरात खेळायला लागते. ते लपूनछपून करतात." ही तक्रार निराळी आहे. ती खरी की हरलेल्याचा संशय, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण असा संशय एकट्या त्याचा नाही. २०२० च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील न्यायालयात तिघा खेळाडूंनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीविरुद्ध असाच दावा लावला. त्यात फुटबॉलच्या खेळांबरोबर बर्फावरील हॉकीचा खेळही होता. खेळाचा कठीणपणा गुपचूप कमी-अधिक करून लोकांना पैसे खर्चावयास लावले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. अशा तंत्राचे पेटंट कंपनीकडे होते, पण या खेळांत ते वापरलेले नाही असे तिने सांगितले, तांत्रिक माहिती खुली केली, आणि २०२१ मध्ये दावेदारांनी दावा मागे घेतला.

त्या दाव्याच्या निमित्ताने मूळ प्रश्न मात्र उघडा झाला. मागे पडलेल्यास हळूच हात देणे आणि पुढे गेलेल्यास हळूच खेचणे ही दया की फसवणूक? मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण नाशिककरांनी तरी नीट वाचावा. पेठ-सुरगाण्याहून छाटणीसाठी येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या आपण पाहतो. दिवसभर राबलेल्यास व तासाभरापूर्वी आलेल्यास एकच मजुरी दिली तर काय गदारोळ होईल, हे बागायतदारास सांगावयास नको. दाखल्यातील धनीही तेच करतो. पण तो कारभाऱ्यास सांगतो की, शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू कर. म्हणजे पहाटे आलेल्यांच्या डोळ्यांदेखत ती मजुरी दिली जाते. ते कुरकुरतात, आणि धनी त्यांच्याशी समोरासमोर बोलतो. त्यास दया करावयाची होती, ती त्याने लपविली नाही.

संत ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट हा सापशिडीचा खेळही असाच आहे. कवड्या कशा पडतील ते कोणाच्या हाती नाही, आणि सापाचे तोंड दयामाया जाणत नाही. पण प्रत्येक साप पटावर रंगविलेला असतो. तो दोन्ही खेळणाऱ्यांस सारखाच गिळतो. घसरलेले पोर रडते, परंतु पट खोटा आहे असे म्हणत नाही. मुलाचा राग होता तो पटावर न दाखविलेल्या सापाबद्दल.

येथे आम्हांस आजोबांच्या गारा आठवल्या. २६ नोव्हेंबर २०२३ हा ख्रिस्तराजाच्या सणाचा रविवार होता. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस व गारा कोसळल्या आणि निफाड परिसरातील द्राक्षबागांची धूळधाण झाली. मणी धरलेले घड वेलींवर फुटून गेले. कर्ज काढून, औषधे फवारून, डोळ्यांत तेल घालून जपलेली बाग तासाभरात गेली. तो फटका खांबावर आदळण्यासारखाच, असे आम्ही म्हटले असते. पण म्हणवत नाही. कारण आपण श्रद्धावंत माणसे पडद्यामागे कोणी आहे असे मानतो. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याने गारांना गारा म्हणून सोडून द्यावे. आपल्याला मात्र तो मुलगा विचारतो तेच विचारावे लागते: हे कोणी केले, आणि लपून का केले?

ईयोबाने हेच विचारले. त्याचे मित्र त्यास पटवीत राहिले की हिशेब चोख असतो, तुझा नाश झाला त्याअर्थी तुझेच काही चुकले असेल. आपणही हरलेल्यास हेच ऐकवितो. त्या मुलासाठी आमच्या ओठांवर हेच आले होते. परंतु ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो या मित्रांवर. तोंडावर जाब विचारणाऱ्या ईयोबाला तो आपला सेवक म्हणतो. त्यास हिशेब मात्र मिळत नाही. वादळातून उत्तर येते, त्यात सृष्टीचा पसारा येतो, समुद्र, तारे, रानगाढव, अगदी हिमाची व गारांची भांडारेही येतात. 'का' याचे उत्तर त्यात नाही. आम्ही ते प्रकरण अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी आमचे पुरते समाधान झाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढेच ध्यानात येते की गारा गावातल्या साऱ्या बागांवर पडल्या. कोण पुढे आहे ते पाहून त्या पडल्या नाहीत. आणि ईयोबाला बोलावयाचे होते ते ऐकावयास समोर कोणी आले. यंत्रापुढे बसलेल्या मुलाला तेवढेही मिळत नाही.

चहा झाल्यावर मुलाने आजोबांच्या हाती दुसरा कंट्रोलर दिला. दोघे एका बाजूस, यंत्र दुसऱ्या बाजूस. आजोबा चष्मा सावरीत कोणते बटण कशाचे ते विचारीत होते, तेवढ्यात मुलाने खेळाची पातळी सर्वांत खालच्या पायरीवर आणून ठेवली. आमचे लक्ष होते. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही काही बोललो नाही. पाचव्या की सहाव्या फटक्यास आजोबांनी गोल केला आणि सारे घर हसले. अर्ध्या तासापूर्वी याच गोष्टीला तो मुलगा खोटेपणा म्हणत होता.

निरोप घेताना आजोबा जिन्यापर्यंत आले. "पोरानं मशीन ढिलं केलं होतं ना?" त्यांनी हळू आवाजात विचारले. आम्ही होय म्हणालो.

"मला वाटलंच. मला कळलं हे त्याला सांगू नका," असे म्हणून ते कठड्याला धरीत आत गेले.