दीर्घिका आणि जातीचा प्रश्न

एका नावाने ज्या अनेक व्यक्तींचा आपण निर्देश करतो, त्या सर्वांत एखादा नित्य व समान धर्म खरोखरच वसत असतो, की ती एकता आपल्या बुद्धीने त्यांच्यावर आरोपिलेली असते, हा वाद नैयायिक आणि बौद्ध यांच्यात कित्येक शतके चालला. नैयायिकांनी ‘जाती’ हा स्वतंत्र पदार्थ मानला, तर दिङ्नाग व धर्मकीर्ती यांनी गाय म्हणजे गाय नसलेल्या सर्वांहून वेगळे ते, एवढाच अर्थ शिल्लक ठेवून त्या पदार्थाची सनदच रद्द केली. माझ्या मते या वादाची खरी कसोटी पाहावयाची, तर ज्यांना मनुष्याचा हात कधी लागलेला नाही अशा वस्तूंकडे, म्हणजे दीर्घिकांकडे गेले पाहिजे.

१८४५ साली आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी आपल्या प्रचंड दुर्बिणीतून एका तेजोमेघाची सर्पिल रचना पाहिली. परंतु असले मेघ आपल्या आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर, याचा निवाडा होण्यास आणखी पाऊणशे वर्षे लागली. हेन्रिएटा लीविट यांनी सेफीड ताऱ्यांचा स्पंदनकाल आणि त्यांची तेजस्विता यांचा जो संबंध मुक्रर केला होता, त्याच्या आधारे एडविन हबल यांनी १९२३ मध्ये माउंट विल्सनवरून देवयानीतील अशा एका ताऱ्याचे अंतर काढले, आणि देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका ठरली. १९२६ मध्ये त्यांनीच लंबवर्तुळाकार, सर्पिल, दंडयुक्त सर्पिल आणि अनियमित अशी वर्गवारी मांडली, जी पुढे नादकाट्याच्या आकृतीत प्रसिद्ध झाली.

हे वर्ग जाती आहेत काय? उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त जातीची जी बाधके सांगितली, त्यांत संकर हे एक आहे: जे दोन धर्म एकमेकांना सोडूनही राहतात आणि तरी एखाद्या ठिकाणी एकत्र सापडतात, त्यांना जातीचा दर्जा देता येत नाही. आकाशात भूतत्व आहे पण मूर्तत्व नाही, मनात मूर्तत्व आहे पण भूतत्व नाही, आणि पृथ्वीत दोन्ही आहेत, हा त्याचा प्रसिद्ध दाखला. आता पाहा: कन्या राशीतील एम ८७ मध्ये ताऱ्यांचा चहूंकडे फुगलेला समूह आहे, तबकडी नाही, एम ३३ मध्ये तबकडी आहे, फुगवटा जवळजवळ नाही, आणि एम १०४ मध्ये दोन्ही इतके ठळक आहेत, की २०१२ मध्ये अवरक्त प्रकाशातील निरीक्षणांनी एका विशाल लंबवर्तुळाकार समूहाच्या पोटात तबकडी असल्याचे दाखविले. संकराचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

शिवाय जाती नित्य असावी लागते, आणि येथे तर वर्ग पालटतो. अदृश्य द्रव्याच्या गुरुत्वाने ओढला गेलेला वायू आपली उष्णता किरणांवाटे गमावतो, पण कोनीय संवेग त्याला तितक्या सहजी टाकता येत नाही, म्हणून आत कोसळता कोसळता तो फिरत्या तबकडीत पसरतो आणि तेथे तारे जन्मतात. पुढे अशा दोन तुल्यबळ तबकड्या एकमेकींत मिसळल्या, तर ताऱ्यांच्या शिस्तीच्या कक्षा विस्कटतात आणि बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते. आलार व युरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये गणिताने दाखविले, की काही दीर्घिकांना फुटलेल्या लांब शेपट्या म्हणजे अशाच भेटींच्या खुणा होत. एके काळी लंबवर्तुळाकार दीर्घिकाच उलगडून सर्पिल होते असे मानीत. आज हा ओघ बहुतांशी उलट समजला जातो.

म्हणून बौद्धांचा विजय झाला असे मात्र मी म्हणणार नाही. केवळ आकार पाहून केलेल्या या वर्गवारीवरून, आकारात न दिसणाऱ्याही गोष्टी पुष्कळदा कळतात: लंबवर्तुळाकार दीर्घिकांत थंड वायू अल्प आणि तारे बहुतेक वृद्ध व तांबूस, सर्पिल भुजांत वायू विपुल आणि तारे तरुण व निळसर, दीर्घिकांच्या दाट समूहांत पहिल्यांची गर्दी, तर विरळ प्रदेशांत दुसऱ्यांचा अंमल. केवळ कल्पनेने पाडलेल्या विभागांत एवढे सामर्थ्य कोठून येणार? नैयायिकांच्याच परिभाषेत सांगावयाचे, तर हे वर्ग उपाधी आहेत: नित्य नव्हेत, पण खरे; दीर्घिकेवर जे जे घडले त्यातून उत्पन्न झालेले. न्यायशास्त्राच्या अध्यापकांना माझी विनंती आहे, की संकराचा पाठ देताना भूतत्व-मूर्तत्वाच्या दाखल्याशेजारी एम १०४ चे छायाचित्रही त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे.